कोपर वाकवायचं नाही

"घरी लक्ष कोण ठेवणार?" डॉक्टरांनी विचारलं आणि वर्गात करते तसा मी झटकन हात वर केला. नववीत आहे मी. शाळेच्या गाइड पथकात प्रथमोपचारात पहिली!

सकाळी बाबांच्या उजव्या कोपरापाशी छेद देऊन, तिथल्या धमनीतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेऊन फोटो काढले होते. पाच वाजता घरी सोडलं. उद्यापर्यंत कोपर वाकवायचं नाही. मनगटाची नाडी बघत राहायची. रक्त आलं तर घट्ट दाबायचं. दहा मिनिटांत थांबलं नाही, तर तडक परत आणायचं.

"कामठीहून परत एवढ्या लांब?" ऑटोत आई पुटपुटली. "आजच्या आज काहून सोडलं वं यायनं?"

"मी आहे ना!"

घरी मी बाबांना चमच्याने भरवलं, त्यांचं नाकसुद्धा खाजवून दिलं. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातच आली नाही.

सात वाजता दादाजी मास्तर आले. बाबांना त्यांनीच शिकवलेलं. दारातूनच म्हणाले, "जय भीम, रुपराव!"

बाबा उठून बसले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

पट्टीवर लाल ठिपका आला. बघता बघता रुपयाएवढा झाला.

मी पट्टीवर तळवा दाबून धरला. आईला म्हटलं, "ऑटो बोलावून ठेव. मास्तर, दहा मिनिटं झाली की सांगा."

मास्तर घड्याळाकडे बघत राहिले. माझ्या हाताखाली ठोके पडत होते, बाबांचे की माझे, कळेना.

"उत्तरे, किती जोरात दाबून राहिली वं."

"बोलू नका, बाबा."

"झाली दहा," मास्तर म्हणाले.

मी हात हळूच उचलला. डाग तेवढाच होता. पण मनगटावर नाडी लागेना. बोट सरकवलं. तरी नाही. आईने तोंडाला पदर लावला. अजून थोडं अंगठ्याकडे... लागली! बारीक, पण लागली.

मग माझी लाकडी फूटपट्टी कोपराखाली ठेवून रिबिनींनी सैलसर बांधली.

तेवढ्यात दारात शेजारच्या रंभाबाई. "जय भीम, भाऊ! कसं आहे गा?"

बाबांचा हात उशीवरून हलला. मी उडी मारून मध्ये उभी राहिले आणि हात जोडले.

"जय भीम, मावशी. हा बाबांचा."

पुन्हा जोडले.

"आणि हा माझा."