सातची रेघ

आमची चिऊ नऊ महिन्यांची झाली तरी हाकेला वळत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "हौ, ऐकतीय की! मी टाळी वाजवली की हसते." अहो, समोर उभं राहून तोंड वेंगाडलं तर कुठलंही बाळ हसेल! पण त्यांना सांगणार कोण?

माझा नवरा वरुण दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये संख्याशास्त्र शिकवतो. पण घरी दिव्याखाली अंधार. दर वेळी त्याच्याकडे कारण तयार: आत्ता ती खेळात होती, आत्ता पेंगत होती. शेवटी मी चिडले. "पोरांना शिकवतोस ना, तसं घरी करून दाखव."

त्याने स्वयंपाकघरातून वाटी-चमचा आणला. मग म्हणाला, "ती ऐकते असं धरून चाललोय, म्हणून कारणं सापडतायत. आता उलटं धरू. ती ऐकत नाही, ही आपली शून्य परिकल्पना. ती खोडायला पुरावा हवा. बाळं उगीचसुद्धा दोन-चारदा मागे बघतात. म्हणून मागून दहादा आवाज करायचा, आणि त्यातल्या सातदा वळली तरच खोडली म्हणायचं. आकडा आधीच ठरवायचा. नंतर रेघ सरकवायची नाही."

चिऊ सासूबाईंच्या मांडीवर बसली. वरुण तिच्या पाठीमागे वाटी-चमचा घेऊन उभा राहिला. मोजायचं काम माझं. सुरुवातीला ती लागोपाठ दोनदा वळली, तेव्हा सासूबाईंनी देवाला हात जोडले. नंतर वाटी वाजत राहिली आणि ती आपला पायमोजा ओढत बसली, मध्येच दोनदा वळली तेवढीच. दहा वेळा वाजवून झालं. वळली होती चारदा.

"अजून पाचदा करू," वरुण म्हणाला.

"नक्को. सात ठरलं होतं."

"अगं, परिकल्पना खोडता आली नाही म्हणजे ती खरी ठरली असं नसतं!" तो ओरडलाच.

"मग खरं काय ते डॉक्टर सांगतील. चल." एवढं बोलून मला रडू फुटलं.

कानाचा दवाखाना कोठी भागात. आमची रिक्षा सुलतान बाजारात अडकली. शेजारच्या बसने असा हॉर्न दिला की मी दचकले, सासूबाई "अय्यो" म्हणाल्या. चिऊ झोपलेलीच होती. तिची पापणीसुद्धा हलली नाही. आम्ही कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

बसने पुन्हा हॉर्न दिला. वरुणने चिऊचा कान तळहाताने घट्ट झाकला, आणि कोठी येईपर्यंत तो हात काढला नाही.