काटा बिघडलाय

माझी पस्तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे माझं वजन चौदा किलोंनी उतरलंय असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी सरळ विचारलं, "हा काटा शेवटचा कधी तपासला होता?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मुलीकडे. मुलीने कपाळाला हात लावला. मला तीच ओढून घेऊन आली होती. तिची आई जाऊन सात महिने झाले होते, आणि आता बाबाही त्याच वाटेला लागलेत असं तिचं म्हणणं होतं.

"सत्तावन्न किलो," डॉक्टर म्हणाले. "छातीत धडधड, सारखा थकवा, जिना चढलात की धाप. तपासण्या सगळ्या ठीक आहेत. पण दुःखानं भूक मरते, झोप उडते, माणूस आतून झिजतो. आणखी चार किलो उतरलात तर दाखल करून नळीवाटे अन्न द्यावं लागेल."

"दुकानातल्या काट्यावर मी पासष्ट भरतो," मी म्हणालो. "तुमचा काटा बिघडलाय."

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण माझ्या बारशालाच केली असावी. पँट सैल झाली तर दोष धोब्याचा. धाप लागली तर जिना बांधणाऱ्याचा. रोज दुपारी एक वाजता मुलीचा फोन यायचा, "बाबा, जेवलात?" आणि मी "हो" म्हणायचो. तिने पाठवलेला डबा मी रोज उघडायचो, आत काय आहे ते बघायचो आणि झाकण लावायचो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातलं वीस किलोचं प्रमाणित वजन उचललं आणि दवाखान्याकडे निघालो. डॉक्टरांना पुराव्यानिशी खोटं पाडायचं होतं. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर बसलो, दुसऱ्यावरही बसलो. काठी टेकत उतरणाऱ्या एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "देऊ का जरा हात?" त्या ऐंशीच्या तरी असतील, मी एकसष्ट.

डॉक्टरांच्या काट्यावर वजन ठेवलं. वीस. पुन्हा ठेवलं. वीस. तिसऱ्यांदा ठेवायला हात उठेना, तेव्हा डॉक्टरांनी माझं मनगट धरून नाडी बघितली. "वजनं उचलणं बंद करा आणि जेवायला लागा," ते म्हणाले. मी आलो तसा परत फिरलो.

दुकानाच्या दारातच हात गळून गेले. ते वजन मी जवळच्याच काट्यावर टेकवलं, येणारेजाणारे उभे राहतात त्या. आकडा आला तेवीस.

मला विचार करावा लागला नाही. हा काटा जास्त दाखवतो हे मला केव्हापासूनच माहीत होतं, आणि म्हणूनच या एका काट्यावर मी ते वजन कधी ठेवत नव्हतो.

हा काटा मी लोखंडी वजनं ठेवून लावलेलाच नव्हता, बायकोवर लावला होता. वीस वर्षं ती बासष्ट म्हणजे बासष्ट, शंभर ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. मग लोखंड उचलतो कोण? मी म्हणायचो, "उभी राहा गं जरा," आणि आकडा बासष्टवर आणून ठेवायचो. ती म्हणायची, "चपला काढू, की त्यापण प्रमाणित आहेत?" मी ही युक्ती लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

गेल्या वर्षी ती उभी राहिली आणि अठ्ठावन्न आले. मी म्हणालो, काटा बिघडलाय. बटणं दाबून बासष्ट केले.

"अहो, कपडेपण सैल होताहेत माझे," ती म्हणाली.

"धुऊन धुऊन झाले असतील."

चार महिन्यांनी पुन्हा अठ्ठावन्न. मी पुन्हा बासष्ट केले. खाली उतरताना ती म्हणाली, "तुमच्या काट्याला काहीतरी खायला घाला." आम्ही दोघंही हसलो. पुढे पोटात दुखायला लागलं, आणि तोवर फार उशीर झाला होता.

माझं माणूस माझ्यासमोर झिजत होतं आणि मी यंत्राचा कान पिळत बसलो होतो. म्हणे कारागीर.

मी जमिनीवर बसून रडलो, चांगला आवाज करून. समोरचा चष्म्याचा दुकानदार आला, माझं शटर अर्धं खाली ओढलं आणि परत गेला. भला माणूस आहे.

मग उठलो. वीस-वीसची तीन वजनं एकेक करून, मध्ये बसत, काट्यावर चढवली आणि काटा साठवर लावला. तिचे बासष्ट त्यातून गेले. वजनं उतरवली आणि मी उभा राहिलो. सत्तावन्न.

तेवढ्यात फोन वाजला. एक वाजला होता.

"बाबा, वजन केलंत?"

"केलं. सत्तावन्न."

ती अगदी हळू म्हणाली, "काटा बिघडला असेल हो." आयुष्यात पहिल्यांदा ती माझी बाजू घेत होती.

"नाही," मी म्हणालो. "काटा बरोबर आहे. आईच्या वेळीपण बरोबर होता. मी तो दोनदा बिघडवला."

मी तिला सगळं सांगितलं. अठ्ठावन्न, बासष्ट, कपडे, सगळं. वाटलं, आता फोन ठेवेल, आणि तिचं काही चुकणारही नाही.

"बाबा," ती म्हणाली. "जेवलात?"

"नाही," मी म्हणालो. "सात महिने नाही. तू येतेस?"