निंगनिंगची हाडं

निंगनिंगच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा यूनचिनच्या एका हातात तिचा पाय होता आणि दुसऱ्या हातात कोरडा लंगोट. एवढंच. तिची पोर आठ महिन्यांची. रोज सकाळी कामावर निघण्याआधी यूनचिन तिचा लंगोट बदलून तिला सासूच्या हवाली करायची, त्या दिवशीही तेच चाललं होतं. पाय जरासा वर उचलला आणि आत काहीतरी कट्कन वाजलं. पोर अशी किंचाळली की अंगणात कालवं फोडत बसलेली सासू हातातल्या सुरीसकट आत धावली.

"काय केलंस?" सासूनं विचारलं.

"काही नाही हो आई. लंगोट बदलत होते."

"लंगोट बदलताना पोरं अशी ओरडत नाहीत. मी तीन वाढवलीत."

तैनान शहरातल्या मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढला. तिथला डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. मांडीचं हाड आजच मोडलंय, पण बरगड्यांत तीन ठिकाणी जुनं मोडून सांधलेलं दिसतंय, तो म्हणाला. ते कधी झालं?

"मला माहीत नाही," यूनचिन म्हणाली.

"रडली असेल ना तेव्हा?"

"पोरं रडतातच."

हे वाक्य त्यानं लिहून घेतलं. तिला ते दिसलं, पण त्यात लिहिण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. कळलं ते दुपारी. बालकल्याण खात्याची फांग नावाची बाई आली, पाठीला पिशवी, पायात पळायचे बूट. तिनं यूनचिनला वेगळ्या खोलीत बसवलं आणि अगदी मायेनं विचारलं, "ताई, रात्ररात्र जागरण होतं, वर कारखान्याचं काम. कधी डोकं फिरतं, हातून हिसका बसतो. असं कुणाचंही होतं. झालं का कधी?"

"नाही."

"नवऱ्याच्या हातून?"

"नाही."

मग फांगनं सासूला बोलावलं. सासू गावातल्या देवळाच्या मंडळात होती, तिच्या शब्दाला वजन होतं. ती खोटं बोलली नाही. तिनं एवढंच सांगितलं की सून रागीट आहे, मागच्या महिन्यात भांडणात तिनं टोप असा आपटला की त्याचा कान तुटला. टोपाचा कान तुटला होता हे खरंच होतं. मांडी प्लास्टरमध्ये घालून सहाव्या दिवशी निंगनिंगला इस्पितळातूनच दुसऱ्या घरी सांभाळायला दिलं. यूनचिनला घर कुठलं ते सांगितलं नाही.

भेट पंधरा दिवसांतून एकदा, तासभर, खात्याच्या कचेरीतल्या एका खोलीत. भिंतींवर जिराफ रंगवलेले, कोपऱ्यात फांग वही घेऊन बसलेली. निंगनिंगला घेऊन यायची ती त्सेंग बाई, साठीला आलेली, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. याआधी चार परकी पोरं तिनं वाढवून परत केली होती आणि खात्यानं तिला मानपत्रही दिलं होतं. पहिल्या भेटीत यूनचिननं पोरीला घ्यायला हात पुढे केले तर त्सेंग बाईनं आधी त्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"बसून घे," ती म्हणाली. "आणि डोक्याखाली हात ठेव. नाहीतर राहू दे, माझ्याच मांडीवर बघ तिला."

यूनचिननं पुढे केलेले हात मागे घेतले. रागीट बाई म्हणून नाव लागल्यावर राग दाखवायचीही सोय उरत नाही. ती तासभर त्सेंग बाईच्या मांडीवरल्या आपल्या मुलीचं बोट धरून बसायची, तेही अलगद.

ती ज्या कारखान्यात होती तिथे तळ्यातल्या माशांची खवलं पोत्यांनी यायची. ती धुवायची, आम्लात भिजवायची, शिजवायची, आणि शेवटी त्यांतून पांढरी पूड निघायची. पुडीचे डबे तैपेईतल्या बायका घ्यायच्या, कातडी तुकतुकीत राहावी म्हणून. डब्यावर 'कोलॅजन' असं मोठ्या अक्षरांत आणि गुळगुळीत गालांची एक पोरगी. बातमी कारखान्यात पोचली तशा जेवणाच्या टेबलावरच्या बायका एकेक खुर्ची सरकत गेल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. एकटी मालकीणबाई भलेपणानं एक डबा घेऊन आली. "पोरगी परत आली की दुधातून दे. हाडांत हेच असतं, ठाऊक आहे ना? कातडीत, हाडांत, सगळीकडे हेच. सिमेंटच्या आतली सळई म्हण." यूनचिननं डबा घेतला आणि घरी फडताळात ठेवला.

नवरा चिंगहे तळ्यांवर माशांचं खाद्य पोचवायच्या ट्रकवर होता. तो पहिले दोन महिने तिच्या बाजूनं बोलला. मग बोलेनासा झाला. एका रविवारी भांडी घासताना तो मागे येऊन उभा राहिला.

"एकदाच विचारतो. मी रागावणार नाही. खरं काय झालं ते सांग."

तिनं नळ बंद केला. "काय झालं असेल असं तुला वाटतं?"

"मला काही वाटत नाही, म्हणून तर विचारतोय."

"बरं," ती म्हणाली आणि नळ पुन्हा सोडला. महिन्याभरानं तिनं कारखान्याजवळ एक खोली घेतली. तो अडवायला आला नाही. आईनं त्याला सांगितलं होतं म्हणे, की जी जाते तिच्या मनात काहीतरी असतंच.

थंडीत, चांद्रवर्षाच्या सणाला दोन आठवडे होते तेव्हा, कारखान्याच्या फाटकाशी त्सेंग बाई उभी दिसली. अंगात जाड कोट आणि डोळे सुजलेले. यूनचिन धावतच तिच्याजवळ गेली.

"काय झालं तिला?"

"हात मोडला," त्सेंग बाई म्हणाली. "स्वेटर घालत होते. बाहीतून हात ओढला. ओढला म्हणजे काय, जसा रोज ओढते तसा. आवाज आला."

"कट्कन."

"हो."

दोघी फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीशी उभ्या राहिल्या. चहा कुणीच घेतला नाही.

"त्यांनी तिला नेलं," त्सेंग बाई म्हणाली. "आता संस्थेत ठेवलीय. मला विचारतात, थकवा येतो का, वयामुळे चिडचिड होते का. त्या फांगला मी वाटीनं पेज पाजलीय माझ्या घरात, ती माझ्यासमोर वही उघडून बसते." ती थांबली. "तुझ्याकडे कसं झालं होतं? सगळं सांग."

"मी सगळं सांगितलं होतं."

"मला नव्हतं सांगितलंस."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

त्सेंग बाईनं मान खाली घातली. पण माफी मागायला ती आली नव्हती, आणि तिनं ती मागितलीही नाही. यूनचिननं सगळं सांगितलं. लंगोट, पाय, आवाज. त्सेंग बाईनं मध्येच विचारलं, "तुझे डोळे बघू. उजेडाकडे कर." मग म्हणाली, "तिच्या बुबुळांभोवतीचं पांढरं असंच आहे. निळसर. मला वाटायचं सुरेख दिसतं."

"लग्नाआधी चिंगहेही माझ्या डोळ्यांना तसंच म्हणायचा," यूनचिन म्हणाली.

यूनचिनला जे जमलं नव्हतं ते त्सेंग बाईनं केलं. ती खात्याच्या साहेबासमोर तीन दिवस जाऊन बसली. चार पोरं सांभाळली, एकाचंही हाड मोडलं नाही, ही पाचवी दोन घरांत मोडते, तर मोडतंय काय ते शोधा, म्हणून ठाण मांडलं. तिचं मानपत्र तिथल्याच भिंतीवर टांगलेलं होतं. चौथ्या दिवशी निंगनिंगचं रक्त तैपेईला तपासणीला गेलं. हेच यूनचिन आठ महिने म्हणत आली होती, तिलाच काही आजार असेल का ते बघा. तिच्या तोंडून ते सुटायची धडपड ठरत होतं.

तैपेईच्या डॉक्टरीणबाई शिए, पन्नाशीच्या, बोलायला सरळ. अहवाल आल्यावर त्यांनी यूनचिनलाच आधी बोलावलं आणि खुर्चीवर बसण्याआधी तिचे डोळे पाहिले.

"लहानपणी किती हाडं मोडली तुमची?"

"मनगट. मग खांदा. एकदा पायाची बोटं. बाबा म्हणायचे मी धांदरट."

"धांदरट नव्हता तुम्ही." शिएबाईंनी टेबलावरची एक दोरी घेतली, तीन पेडांची. "हाडाला चुना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुसता चुना खडूसारखा, पडला की फुटला. त्याला धरून ठेवायला आत अशी दोरी असते. तीन लांब धागे एकमेकांभोवती वळलेले. प्रत्येक धागा म्हणजे मण्यांची माळ, आणि दर तिसरा मणी सगळ्यात बारका असावाच लागतो, कारण तो पिळाच्या अगदी आत बसतो. तिथे जागाच नाही. तुमच्या मुलीच्या धाग्यात त्या जागी एके ठिकाणी मोठा मणी आलाय. पीळ तिथे अडतो, ढिला पडतो. बाकीची माळ ठीक आहे."

"एक मणी?"

"एकच. तुमच्यातही तोच आहे, तिथेच. तुमच्याकडून तिला गेला."

"मग मी कशी चालते-फिरते?"

"एकाच घरात कुणाला कमी, कुणाला जास्त. का ते आम्हालाही नीट सांगता येत नाही."

यूनचिननं त्या दोरीचा एक पेड चिमटीत धरून पाहिला. मग तिनं विचारलं, "मी हेच काढते कारखान्यात. पोत्यांनी. ते तिला पाजलं तर?"

शिएबाई हसल्या नाहीत. "पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, जसे अंड्याचे होतात तसेच. मग शरीर आपल्या नमुन्यानं पुन्हा विणतं. चूक नमुन्यात आहे हो. सूत कितीही आणून द्या." हाडं जरा दाट व्हावीत म्हणून दर काही महिन्यांनी सलाईनमधून औषध देता येईल, त्यानं मोडणं कमी होतं, थांबत नाही, असंही त्यांनी सांगितलं.

खात्याचं पत्र दोन ओळींचं आलं. तपासाअंती गैरवर्तन आढळले नाही, प्रकरण बंद. फांगनं फोनवर "ताई, आम्ही नियमाप्रमाणेच" इतकं म्हटलं. यूनचिननं तिचं पुढचं ऐकून घेतलं नाही.

पत्राच्या दुसऱ्या दिवशी सासू आणि चिंगहे खोलीवर आले. सासूच्या हातात झाकणाचा डबा, आत डुकराच्या पायाचा रस्सा आणि लांब शेवया. अरिष्टातून सुटलेल्या माणसाला हेच खायला घालतात. डबा उघडताना सासू म्हणाली, "खा. इडापिडा जाईल. मी देवळात पण बोलून आले." मग शेवया वाढता वाढता, "म्हणजे शेवटी आलं ते तुझ्याकडूनच ना. आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं."

चिंगहे म्हणाला, "आई."

"खोटं आहे का? डॉक्टरच म्हणाली."

"खोटं नाही," यूनचिन म्हणाली. "तुम्ही खोटं कधीच बोलत नाही, आई."

चिंगहे तिला घरी चल म्हणाला. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो बारीक झाला होता, मनापासून बोलत होता. त्याला वाटलं होतं की डॉक्टरच्या कागदानं दोघांमधलंही प्रकरण बंद होईल. तिनं त्याला सांगितलं की निंगनिंगला बघायला केव्हाही ये. तिनं वाडग्याला हात लावला नाही, आणि सासू जाताना डबा घेऊन गेली.

निंगनिंग खोलीवर परत आली तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. तिनं यूनचिनला ओळखलं नाही, ओळखण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. ती 'आई' म्हणून दाराकडे बोट करायची आणि तिच्या लेखी त्या दाराबाहेर त्सेंग बाई असायची. खात्यानं त्सेंग बाईला पुन्हा दुसरं मूल सांभाळायला द्यायची तयारी दाखवली, पण तिनं यादीतून आपलं नावच काढून घेतलं होतं. ती शनिवारी शनिवारी यायची. पोरीला बगलेत धरून उचलायचं नाही, कमरेखाली अख्खा तळवा घालून उचलायचं, हे शिएबाईंनी दोघींना शिकवलं होतं, पण निंगनिंग बिनघोर यायची ती त्सेंग बाईच्याच तळव्यावर. भात कसा कालवलेला आवडतो, झोपताना कुठला कान चोळायचा, हे यूनचिन त्या बाईला विचारून शिकली. विचारताना दर वेळी तिला जिराफांची ती खोली आठवायची.

सहाव्या शनिवारी त्सेंग बाई निघाली आणि पोरगी रडून रडून निळी पडली. यूनचिन दाराबाहेर तिच्या मागोमाग गेली.

"पुढच्या शनिवारी येऊ नका," ती म्हणाली.

त्सेंग बाई बूट घालत होती. "किती दिवस?"

"येऊच नका."

"माझ्यामुळे सुटलीस तू."

"ठाऊक आहे."

त्सेंग बाईनं दुसरा बूट घातला. त्याला वेळ लागला, तिचे गुडघे दुखत होते. मग ती म्हणाली, "तिला ताप आला की आधी पाय गार पडतात. कपाळाला हात लावून कळत नाही." आणि जिना उतरून गेली.

निंगनिंग नऊ दिवस दाराकडे बोट दाखवत राहिली. दहाव्या दिवशी तिनं ते सोडलं. यूनचिनला आपण अन्याय केला हे कळत होतं आणि तिनं फोन केला नाही. त्या आठवड्यात सलाईनची तारीख होती. तैपेईच्या गाडीत पोर तिच्या मांडीवर झोपली. दोन तास यूनचिन जराही हलली नाही.