दांड्याखालच्या चपला

शेळगावच्या गेणबांना एकच खोड होती, दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवायची. कुणाचं खुरपं उन्हात पडलेलं दिसलं की उचलून झाडाखाली. कुणाचा कासरा धुळीत लोळताना दिसला की गुंडाळून खुंटीला. बायको कुशाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "तुमचा हात काय गप बसायचा न्हाय," म्हणायची. त्या दिवशीही तो गप बसला नाही.

मे महिना होता. आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं कालव्यापलीकडची तार तुटली होती आणि सकाळपासून अर्ध्या शिवारात लाईट नव्हती. तार जोडायला भैरवनाथ वीज सहकारी संस्थेचा वायरमन आला, तो कुशल. मूळचा पणदऱ्याचा, आणि गेणबांचा जावई. लेक आसावरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, त्यामुळे जावई हल्ली या बाजूला आला की गेणबांना काय करू नि काय नको असं होऊन जायचं.

आता संस्थेची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वायरमन खांबावर चढायच्या आधी लाईनीच्या मोठ्या स्विचपाशी जायचा. त्याचा लोखंडी दांडा खाली ओढला की लाईन बंद. मग पायातल्या चपला काढून त्या दांड्याखाली ठेवायच्या, पिशवीतले रबरी बूट चढवायचे आणि कामाला जायचं. काम झालं की येऊन चपला घालायच्या. चपला दांड्याखाली आहेत तोवर माणूस तारेवर आहे. चपला गेल्या म्हणजे लाईन मोकळी. मग दांडा वायरमननं वर केला काय नि सभासदानं केला काय, सारखंच. पूर्वी कुलूप लावून पाहिलं होतं. पण संस्था पडली सभासदांची, जो तो मालक! आपल्याच दांड्याला कुलूप कसलं म्हणून लोकांनी तीन कुलपं फोडली. चपलांपुढं मात्र कुणाची छाती झाली नाही, कारण ही रीत ज्याच्यामुळं पडली तो चिंतामण सगळ्यांना आठवत होता. कुशाबाईचा धाकटा भाऊ. तो तारेवर असताना कुणीतरी घाईघाईनं दांडा वर केला होता. त्याला खाली काढायला चार माणसं लागली.

स्विच गेणबांच्या उसाला लागूनच होता. कुशलनं दहाच्या सुमाराला दांडा खाली ओढला, चपला ठेवल्या आणि बूट घालता घालता म्हणाला, "मामा, तासा-दीड तासाचं काम हाय. अर्थिंगच्या साखळ्या आज कळंबला गेल्यात. जरा ध्यान ठिवा."

साखळी तारेवर टाकली की चुकून आलेला करंट जमिनीत उतरतो, एवढं गेणबांना ठाऊक होतं. संस्थेकडं साखळ्या दोनच, आणि नेमक्या आजच दोन्ही कळंबला! ते मनातल्या मनात संचालकांना दोन शिव्या देऊन म्हणाले, "जावा कुशलराव, निवांत जावा. मी हाय की हितं."

कुशल उसाआड गेला. पलीकडचा खांब इथून दिसत नव्हता, ऊस दीड पुरुष वाढलेला. गेणबा बांधावर बसले. ऊन असं चढलं की जमिनीवर हात टेकवेना. त्यांचं लक्ष चपलांवर गेलं. काळ्या, जाड तळाच्या, आसावरीनं दिवाळीला बारामतीहून आणलेल्या. त्यांनी बोट लावून पाहिलं आणि चटकन मागं घेतलं. तव्यागत तापलेल्या. आता हा माणूस उन्हातनं दमून येणार, बूट काढणार, आणि यात पाय घालणार? जावयाचा पाय भाजायचा आणि सासरा शेजारी बसून बघत राहायचा? छे! गेणबांनी चपला उचलल्या, धूळ झटकली आणि बांधापलीकडच्या लिंबाखाली गार सावलीत जोडीनं मांडून ठेवल्या. मग वाटलं, ताकही आणावं. घर काही लांब नव्हतं.

घरी आसावरी पडवीत पुठ्ठ्यानं वारा घेत पडली होती. पंखा बंद. कुशाबाईनं ताक घुसळून किटलीत ओतायला घेतलं.

"जावई जेवायला येत्याल न्हवं?" तिनं विचारलं.

"येत्याल की. आगं, काय ऊन म्हणायचं का काय! त्येंच्या चपला नुसत्या तापल्या व्हत्या. पाय भाजलं असतं. मी उचलून लिंबाखाली ठिवल्या."

कुशाबाईचा हात थांबला. ताकाची धार किटलीबाहेर पडत राहिली.

"कुठनं उचलल्या?"

"दांड्याखाल..." म्हणता म्हणता गेणबा थांबले. दांडा डोळ्यांसमोर आला, दांड्याखालची मोकळी जमीन डोळ्यांसमोर आली. चाळीस वर्षं सभासद मी, देवा, मी काय करून बसलो!

कुशाबाईनं पडवीकडं पाहिलं. आसावरीचे डोळे मिटलेले होते. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "पळा."

गेणबा पळाले. सत्तरीला आलेले गुडघे, त्यात डावा आधीच सुजलेला, पण पळाले. फोन करून उपयोग नव्हता, कुशल फोन गाडीच्या डिकीत ठेवूनच वर चढायचा. धावता धावता ते भैरोबाला म्हणत होते, कुणी तिकडं फिरकू देऊ नको. एवढ्या उन्हात कोण कशाला जाईल? कोण्णी न्हाय जायचं.

मागून मोटरसायकलचा आवाज आला. वरच्या आळीचा दिग्विजय. त्याच्या पोल्ट्रीत तीन हजार पक्षी, पंखे सकाळपासून बंद, जनरेटर नेमका आज रुसलेला. पोराचा चेहरा पांढरा पडला होता.

"आबा, पक्षी मरायला लागल्यात! लाईन मोकळी झाली का बघतो!" तो ओरडला आणि गाडी पुढं काढली.

"आरं थांब! दिग्या! हात लावू नगं!" गेणबा जिवाच्या आकांतानं ओरडले. गाडीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? धूळ तेवढी तोंडात गेली.

रस्ता वळसा घालून जायचा. गेणबा उसात घुसले. पाती तोंडावर, हातावर सपासप बसत होती. डोळ्यांत घाम. श्वास छातीत मावेना. आणि सगळा जीव कानात गोळा झालेला. कारण शिवारातल्या मोटरींना ऑटो स्विच बसवलेले, लाईट आली की सगळ्या एकदम गुरगुरायला लागतात. तो आवाज आला की संपलं. मग कुशल तारेला चिकटलेला, आणि घरी आसावरी पडवीत, आणि कुशाबाई. भावानंतर आता जावई. तोही नवऱ्याच्या हातनं.

आणि गुरगुर आली. गेणबा सरीतच गुडघ्यावर आपटले, दोन्ही हातांनी माती मुठीत आली. गेला. गेला माझा कुशलराव. मग ती गुरगुर सरकायला लागली, पुढं पुढं जायला लागली, आणि त्यांच्या ध्यानात आलं की हा कुणाचा तरी ट्रॅक्टर आहे, कालव्याच्या रस्त्यानं चाललाय. ते हुंदका देऊन उठले आणि पुन्हा पळायला लागले.

उसातनं बाहेर पडले तेव्हा स्विच वीसेक पावलांवर होता. दिग्विजय दांड्यापाशी उभा. त्यानं खाली वाकून जमीन पाहिली, इकडंतिकडं पाहिलं. चपला नाहीत. त्यानं दोन्ही हात दांड्याला घातले.

गेणबांनी ओरडायला तोंड उघडलं. आवाजच येईना. घसा कोरडा ठाक, छातीत वारा उरलेला नाही. नुसतं खरखरलं काहीतरी. पोरगं वळूनही बघेना. मग गेणबांनी काय केलं, तर पायातली चप्पल ओरबाडून काढली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फेकली. मागोमाग दुसरी. पहिली दिग्विजयच्या पाठीवर बसली. दुसरी बरोब्बर दांड्याखाली, त्याच्या पायापुढं पडली.

दिग्विजयनं खाली पाहिलं. दांड्याखाली चप्पल! हात भाजल्यागत त्यानं दांडा सोडला आणि दोन पावलं मागं सरला.

"आबा? ही कुणाची?"

गेणबांनी नुसतं कालव्याकडं बोट केलं. मग येऊन पहिली चप्पलही दांड्याखाली सरकवली आणि दांड्याला पाठ लावून उभे राहिले. दिग्विजयला सगळं कळलं तेव्हा तो मटकन खाली बसला. त्याचे पक्षी मरत होते, पण त्यानं दांड्याकडं पुन्हा हात नेला नाही.

कुशल आला तो अर्ध्या तासानं. तोवर गेणबा अनवाणी तिथंच उभे. तळव्यांना फोड आलेले. दिग्विजयनं स्वतःच्या चपला पुढं केल्या तर नको म्हणाले. जावई उसाआडून चालत येताना दिसला, त्याच्या पायांतले बूट हलताना दिसले, तरी त्यांचा विश्वास बसेना.

"झालं मामा. जोडली तार." कुशलनं घाम पुसला आणि खाली पाहिलं. "ह्या तर तुमच्या. माझ्या कुठं हायत?"

सांगावं का न सांगावं असं क्षणभर झालं. दिग्विजय मान खाली घालून बसला होता, तो काही बोलणार नव्हता. पण गेणबांच्यानं ते पोटात ठेववेना. त्यांनी सगळं सांगितलं. चपला उन्हात होत्या, म्हणून उचलल्या, ताक आणायला गेलो, इसरलो. चिंतामणचं नावही घेतलं.

कुशलनं एकदा दांड्याकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या दोन्ही पंजांकडं. मग बांधापलीकडं गेला, बूट काढले आणि लिंबाखालच्या चपलांत पाय घातले.

"गार हायत, मामा," तो म्हणाला.

गेणबांना रडू फुटलं.

कुशल परत आला. त्यानं सासऱ्याच्या चपला त्यांच्या पायांपुढं सरकवल्या, त्यांना हळूच बाजूला केलं आणि दांडा वर ढकलला. शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम गुरगुरल्या. गेणबांनी दचकून कुशलचा दंड घट्ट धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.