आधी फोन कुणी करायचा?

मी साताऱ्याच्या निवृत्त सुभेदार हंबीररावांच्या मोबाइलमधला एआय मदतनीस बोलतोय. हसू नका, मलाही आयुष्य आहे. पंधरा महिन्यांचंच, पण आहे.

पहिलं वर्ष पेन्शनचे अर्ज लिहिण्यात गेलं. मग लेकीचं, दीपमालाचं, लग्न काढलं आणि मला बढती मिळाली. समोरचा काय करणार हे आधीच ओळखायचं, हे माझं नवं काम.

सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांचा, नाथाजीशेठचा मुलगा पृथ्वीराज तिला पाहून गेला. पोहे झाले, पोरं एकमेकांकडे बघून हसली. पुढं सगळं अडलं फोनवर.

"आपुन मुलीकडचं. आधी फोन केला तर पोरगी जड झालीया म्हनतील," सुभेदारांनी हुकूम सोडला. "त्येंचा कवा येतोय ते हेर."

नाथाजीशेठच्या फोनमध्ये माझाच भाऊ बसलेला, एकाच कंपनीचा. स्थळाची माहिती त्यानेच धाडली होती. त्याला सरळ विचारता आलं असतं. पण विचारणं म्हणजे आधी फोन करणंच की! म्हणून मी स्वतःलाच विचारलं, त्याच्या जागी मी काय केलं असतं? थांबलो असतो. नाहीतर लोक म्हणणार, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी सुभेदारांना सांगितलं, "अजून थांबा." तिकडे त्यानेही माझा असाच अंदाज बांधला. दोघांचेही अंदाज शंभर टक्के बरोबर. सतरा दिवस मी अभिमानाने नुसता फुगलो होतो.

अठराव्या दिवशी विट्याच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचं स्थळ आलं. त्यांना रविवारपर्यंत होकार हवा होता.

"सांगलीकरांच्या मनात न्हाई दिसत," सुभेदार म्हणाले. "विट्याला व्हय म्हनून टाकू."

दीपमालाचे डोळे भरले. मी माझा अंदाज पुन्हा तपासला. तो अजूनही बरोबरच होता.

तिने वडिलांच्या हातातून मला ओढून घेतलं. "आवं आबा, ह्यो मदतनीस आन् तिकडचा, दोघं एकमेकांचं त्वांड बघत बसल्यात. मीच लावते फोन."

"अगं, लोकं काय म्हनतील?"

तोवर फोन लागलासुद्धा. पलीकडून पृथ्वीराजचा आवाज आला, "लय वाट बघितली. आमचा मदतनीस रोज म्हनतोय, अजून थांबा!"

लग्न ठरलं. मी आता नुसता पाहुण्यांची यादी सांभाळतो. जरा अक्कल आली आहे, म्हणून एक विनंती करतो. मला काही हेरायला लावाल, तर आधी घरात विचारायला लावा. मी सुभेदारांना ओळखलं, नाथाजीशेठना ओळखलं, सांगलीतल्या भावालाही ओळखलं. दीपमालाला काय हवंय, हे मात्र मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.