तिसरे वर्तुळ

मी एक जुना, ठिगळ लावलेला ड्रॉइंगचा कागद आहे. माझ्या पाठीवर लाल अक्षरांत 'सुस्वागतम्' लिहिलेले दिसेल. त्याकडे लक्ष देऊ नका, मित्रांनो. ते मला न विचारता लिहिले आहे. माझे खरे तोंड दुसऱ्या बाजूला आहे.

पुण्यात संगणक नुकते घरोघरी येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. कर्वेनगरच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या आम्रपालीने मला विकत आणले. तिला आणि तिच्या वर्गातल्या सौमित्रला मिळून येरवड्याच्या एका ज्येष्ठ नागरिक संघासाठी सभासद नोंदणीचा प्रोग्रॅम करायचा होता. प्रोग्रॅम लिहिण्याआधी संगणकाचा पडदा कसा दिसेल, याचा नमुना काढतात. दोघांनी एकेक नमुना काढायचा आणि सरांनी त्यातला एक निवडायचा, असे ठरले. सौमित्रने आपला नमुना संगणकावर रंगवला. आम्रपालीने पट्टी-पेन्सिल घेऊन माझ्यावर काढला. नाव, पत्ता, जोडीदाराचे नाव, लग्नाची तारीख यांचे चौकोन, आणि खाली 'विवाहित', 'अविवाहित' अशी दोन वर्तुळे. मला फार मोठे झाल्यासारखे वाटले.

मग ती मला घेऊन शेजारच्या सुखदेव आजोबांकडे गेली. ते त्याच संघाचे सभासद होते.

"आजोबा, हा संगणक आहे असं समजा. बोट ठेवलं, की बटण दाबलं."

"बरं आहे. वीज गेली तरी चालेल," आजोबा म्हणाले.

बोट ठेवत ठेवत ते खाली आले आणि दोन वर्तुळांपाशी थांबले. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई त्याच उन्हाळ्यात वारल्या होत्या.

"यातला मी कुठला गं?"

त्यांनी एका वर्तुळावरून दुसऱ्यावर बोट नेले.

"अविवाहित म्हटलं, तर तिच्याबरोबर केलेला संसार खोटा. विवाहित म्हटलं, तर जा, आत स्वयंपाकघरात बघून ये कोण आहे ते."

आम्रपालीने माझ्याच कडेची पट्टी कापली. तिच्यावर तिसरे वर्तुळ काढले, पुढे 'विधुर / विधवा' लिहिले आणि ती डिंकाने चिकटवली. डिंक वाळेपर्यंत आजोबा त्यावर बोट दाबून बसले होते. त्या बोटाचा भार मला अजून आठवतो.

कॉलेजात श्रीधर सरांनी मला दोन बोटांत धरून वर उचलले.

"हे ठिगळ कुणाचं?"

"माझं, सर. एका आजोबांकडून तपासून घेतलं, तेव्हा..."

"अच्छा, परीक्षक आजोबा आहेत होय? मग आम्ही कशाला आलो? घरी बसलो असतो."

वर्ग हसला. सरांनी सौमित्रचा नमुना निवडला. निळ्या छटा, कोपऱ्यात गरगर फिरणारी पृथ्वी, आणि वर्तुळे दोनच. सुटसुटीत म्हणे!

"पण सर, त्यांनी काय भरायचं?"

"काहीही भरा म्हणावं. प्रोग्रॅमला काय फरक पडतो?"

मित्रांनो, मी दिसायला ओबडधोबड होतो, हे मान्य. पण त्या निळ्या पडद्यापुढे एकाही म्हाताऱ्या माणसाला बसवले नव्हते. गुण मिळाले ते पृथ्वीला! संघातल्या कुणी मागितली होती पृथ्वी?

प्रोग्रॅम तयार झाला. सौमित्र संघात जाऊन सभासदांची नावे भरू लागला. "लग्न झालंय ना आजोबा? मग विवाहित," असे सुखदेव आजोबांना म्हणाला आणि पुढे सरकला.

संघात प्रोग्रॅमच्या उद्घाटनाला फलक हवा होता. मला उलटे करून पाठीवर 'सुस्वागतम्' लिहिले आणि सभागृहाच्या खांबाला चिकटवले. तोंड खांबाकडे. दिसत काही नव्हते, फक्त ऐकू येत होते.

त्या संघाची एक रीत आहे. ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस त्या महिन्यात येतो, त्यांना जोडीने मंचावर बोलावून गुलाब देतात. एरवी अध्यक्ष बापूराव आठवणीने नावे घेत. त्या दिवशी ते संगणकाच्या पडद्यावरून वाचत होते.

"श्री. सुखदेवराव आणि सौ. चंद्रभागाबाई. या, जोडीने या!"

चंद्रभागाबाईंना खांदा देणाऱ्यांत बापूराव स्वतः होते. पण संगणक चुकत नाही, असे त्यांना सांगितले होते. समोर आले ते त्यांनी वाचले.

"बापूराव," आजोबांचा आवाज आला, "ती आता कुठून यायची?"

पावले मंचाकडे गेली नाहीत, माझ्याकडे आली. पट्टी कापलेली कड पाहून आजोबांनी मला ओळखले असावे. त्यांनी मला उतरवले, उलटे केले आणि प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या श्रीधर सरांपुढे धरले.

"सर, मी हे तेव्हाच विचारलं होतं."

"किरकोळ बदल आहे, आजोबा. करून टाकू उद्या."

"किरकोळ होता, तर तेव्हाच का नाही केला?"

आम्रपाली उठली आणि भरल्या सभेत संगणकापुढे जाऊन बसली. सौमित्रने मुकाट्याने मला उचलून तिच्यासमोर धरले. पडद्यावर तिसरे वर्तुळ उमटले, तेव्हा आजोबांनी सवयीप्रमाणे काचेवर बोट ठेवले. सौमित्रने हळूच माउस दाबला.

आता मी आजोबांच्या कपाटामागे असतो. माझा डिंक सुटत आला आहे. राग मात्र सुटलेला नाही. मित्रांनो, उद्या तुम्हीही असे पडदे कराल. ज्याच्यासाठी करता, त्याला आधी पुढ्यात बसवा. त्याचे बोट अडले, तर कागद कापा. पण 'काहीही भरा' असे कुणाला म्हणू नका. त्या रिकाम्या जागेत त्याचे माणूस असते.