लिसेली गेली आणि मी उरले

मित्रांनो, माझ्या अंगावर आत्ता रुग्णालयातले ओले गाऊन आणि एक मच्छरदाणी वाळत आहे, म्हणून मला कपड्यांची दांडी समजू नका. मी एक जुनी, लाकडी, माणसांना चालायला शिकवणारी दांड्यांची जोडी आहे. कमरेइतक्या उंचीचे दोन लांब दांडे आणि त्यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा, असे माझे रूप. ज्याचा पाय गेला किंवा ज्याचे अर्धे अंग लुळे पडले, त्याने माझ्यामध्ये उभे राहायचे, मला धरायचे आणि पहिले पाऊल टाकायचे.

माझा जन्म होड्या कोरणाऱ्या काकोमाच्या अंगणात झाला. झांबेझी नदीचा पूर जिथवर चढतो, त्याच्या थोडे वर, उंचवट्यावर त्याचे घर होते आणि पलीकडे हे रुग्णालय. रुग्णालयात काम करणारी लिसेली त्याच्याकडे आली आणि तिने वाळूत बोटाने माझे चित्र काढले. काकोमाने बराच वेळ ते पाहिले.

"यात बसायचं कुठं?"

"बसायचं नाही, मामा. उभं राहायचं."

"मग यात आणि गुरांच्या कुंपणात फरक काय?"

"गुरांनी पळू नये म्हणून कुंपण. हे माणसांनी पळावं म्हणून."

काकोमा हसला आणि कामाला लागला. वल्ह्याची मूठ घासतात तसे त्याने मला घासले. हाताला कुसळ लागू नये म्हणून तेल पाजले. त्या दिवसांत मला फार अभिमान वाटे.

लिसेली राजधानीत फिजिओथेरपी शिकून आली होती. या सगळ्या पूरमैदानात ते काम करणारी ती एकटीच. लोक तिला 'चोळणारी बाई' म्हणत. रुग्णालयातले डॉक्टरही कुणाची कंबर धरली की, "जा, तिच्याकडून चोळून घे," असे सांगून मोकळे होत. ती रागावत नसे. झाडावरून पडलेली मुले, मगरीने पाय नेलेला कोळी, बाळंतपणात पायातली ताकद गेलेली बाई, अशी माणसे ती एकेक करून माझ्यामध्ये उभी करी. घामाने भिजलेले किती तळवे मी ओळखत असे! आणि एखादा मला सोडून दाराकडे चालत गेला की मी रिकामी होई. असे रिकामे होणे मला आवडे.

मग एका वर्षी पूर चढला. मैदानावरची कुटुंबे नेहमीप्रमाणे गुरे, मडकी, चटया होड्यांत घालून उंचवट्यावर राहायला आली. अशाच एका होडीतून मुबियाना आपल्या बापाला घेऊन आला. बापाचे नाव इलुकेना. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून त्यांची डावी बाजू गेली होती. ते नावाजलेले नावाडी होते, आणि आमच्याकडे नावाडी उभे राहून वल्हवतात.

लिसेली खोलीत आली. वडीलधाऱ्यांपुढे बसतात तशी गुडघ्यांवर बसली, हळूच टाळ्या वाजवून तिने त्यांना नमस्कार केला, ख्यालीखुशाली विचारली. मग उठली आणि म्हणाली, "आता माफ करा, बाबा. उठा!"

इलुकेनांनी तिच्याकडे रोखून पाहिले. "टाळ्या वाजवून मान देतेस आणि मग गुराख्यासारखी ओरडतेस?"

"बैल उठला तर गुराख्याचं काय चुकलं?"

म्हातारा तोंड वाकडे करून हसला. तोंड तसेही वाकडेच झाले होते. पण मुबियानाने धावत येऊन बापाला दोन्ही हातांनी उचलले आणि माझ्यामध्ये आणून धरले.

"सोड त्यांना," लिसेली म्हणाली.

"बाई, पडतील ते."

"मी आहे ना धरायला. तू उचललंस तर पाय शिकणार कसा?"

मुबियानाने हात काढले, पण मान खाली घातली. मित्रांनो, त्याची अडचण खरी होती. आमच्याकडे बाप धडपडत असताना मुलाने नुसते पाहत राहणे म्हणजे निर्लज्जपणा. बापाच्या हातातले भांडेही मुलाने घ्यायचे असते. जितके प्रेम अधिक, तितके कमी हलू द्यायचे, अशी रीत. पाहुणे येत तेव्हा इलुकेना खोटे खोटे रागावून सांगत, "या पोरीनं माझ्या पोराला बापाशी वाईट वागायला शिकवलंय!"

पूर असेतो ते रोज येत. त्यांचा उजवा हात मला घट्ट धरी, डावा लिसेली माझ्यावर ठेवून वरून दाबून धरी. त्यांचे गुडघे थरथरले की ती थरथर माझ्या लाकडात उतरे. एक दिवस डावा पाय जमिनीवर सपाट टेकला आणि सगळा भार त्याने घेतला. मग पाऊल पडले. दुसरे पडले. इलुकेना रडले नाहीत, त्यांनी लिसेलीला विचारले, "होडी हलते, जमीन हलत नाही. होडीत उभं राहायला किती दिवस?"

"पाणी उतरल्यावरही दोन-तीन महिने इथंच राहिलात, तर पुढच्या पुरात बघू."

मुबियानाने मैदानातली पेरणी धाकट्या भावावर सोपवून थांबायचे ठरवले. थांबता आले नाही ते लिसेलीलाच. तिची नेमणूक परदेशी मदतीच्या एका योजनेतून झाली होती. ती योजना संपली. या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची जागाच मंजूर नाही, असे मोठ्या डॉक्टरांना वरून सांगण्यात आले. तिने राजधानीत खेपा घातल्या, विनवण्या केल्या. शेवटी इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमाने तिला नोकरी दिली. तिथे ती कुणा परक्या आजोबांना उभे करते. त्यांनाही उभे राहायचेच असेल, म्हणून मला तिचा राग धरता येत नाही.

जायच्या आधी तिने मुबियानाला समोर बसवले. "गुडघा रोज सरळ करायचा. दुखलं तरी. दिवसातून अनेकदा उभं करायचं. आणि गुडघ्याखाली उशी, घोंगडी काही ठेवायचं नाही. वाकलेला स्नायू तसाच आखडतो, मग तो सरळ होत नाही. कळलं?"

"कळलं, बाई," मुबियाना म्हणाला. त्याला खरेच कळले होते.

पण इथे थांबून आता करायचे काय? ते मैदानातल्या गावी परत गेले. पुढचे मला मुबियानाच्या तोंडून कळले, कारण पुढच्या पुरात ते पुन्हा आले. मुबियानाने बापाला पाठीवर आणले होते. खोलीचे आता कोठार झाले होते. गाद्या बाजूला सारत नर्सने वाट करून दिली आणि तो तिला सांगत राहिला.

"पहिला आठवडा मी केलं सगळं. पण पाय सरळ करताना बाबा ओरडायचे आणि शेजारी गोळा व्हायचे. आत्या म्हणाली, बापाला छळतोस, तुला लाज नाही? बाई समोर असती तर तिच्यावर ढकललं असतं. एकट्यानं काय सांगू? मग आत्यानं घोंगडी गुंडाळून गुडघ्याखाली दिली. बाबांना झोप लागली. मलाही बरं वाटलं."

"मला माझ्या दांड्यांत उभं कर," इलुकेना म्हणाले.

मुबियानाने त्यांना माझ्यामध्ये धरले. उजव्या हाताने मला ओळखले. पण डावा गुडघा पोटाकडे दुमडलेला होता आणि त्या पायाचा तळवा जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. ते पुन्हा पुन्हा पाय खाली दाबू पाहत होते. माझ्या लाकडात थरथर उतरली, पण ती फक्त उजव्या बाजूची. 'बाबा, पुढे झुका' असे सांगणारे कुणी नव्हते. मी लाकूड. मला धरता येते, सांगता येत नाही.

तेवढ्यात नवे तरुण डॉक्टर डोकावले. इलुकेनांनी विचारले, "डॉक्टर, लिसेली कधी येणार?"

डॉक्टरांनी त्या गुडघ्याकडे पाहिले. तो आता सरळ होणार नाही, हे त्यांना समजले होते. ते म्हणाले, "येईल बाबा. पुढच्या पुरापर्यंत येईल कुणीतरी."

"ऐकलंस?" इलुकेना मुलाला म्हणाले. "तोवर मी धीर धरतो." आणि टाळ्यांसाठी डावा हात उठत नव्हता, म्हणून उजवा हात मांडीवर थापटून त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले. मुबियाना बापाच्या मागे उभा होता. त्याने भिंतीकडे तोंड केले होते.

मित्रांनो, मला पुसा, मला तेल द्या, असे मी सांगणार नाही. मी मोडले तर कुठलाही सुतार दुसरी जोडी करून देईल. लिसेलीसारखे माणूस घडायला वर्षे लागतात, आणि एका सकाळी ते बसमध्ये बसून निघून जाते. म्हणून तुमच्या गावात रुग्णालय बांधतील तेव्हा भिंती, खाटा, यंत्रे जरूर मोजा, पण रोग्याच्या शेजारी उभे राहणारे कोण आहे हेही विचारा. ते माणूस असेल तर त्याला जाऊ देऊ नका.

इलुकेना बाबांसाठी हे सांगायला मला उशीर झाला आहे. गुडघा वाट पाहत नाही.